भवानीआधीचा नकार

बुधवारी आमच्या घरात अकराच्या आत मासळी साफ होऊन ओटा धुतलेला असतो. साडेअकराच्या एसटीने ताई येतात आणि त्यांना वास सहन होत नाही. तसं त्या कधी बोलल्या नाहीत बिचाऱ्या, पण पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी जो श्वास धरला होता, तो मी बघितला होता. मीही लग्न होऊन या बंदरावर आले तेव्हा महिनाभर असाच श्वास धरून होते. माझं माहेर आत, भाताच्या गावात. तिथे वास येतो तो फक्त शेणाचा आणि पेंढ्याचा.

ताई म्हणजे सरकारने पाठवलेल्या शिक्षिका. ज्या मुलांना शाळेत नेणं जमत नाही त्यांच्या घरी यायचं, त्यांना शिकवायचं, त्यांचे हातपाय हलते ठेवायचे आणि घरच्यांनाही ते कसं करायचं हे दाखवायचं, अशी ती सोय आहे. आठवड्यातून एकदा ताई, महिन्यातून एकदा व्यायामाचे डॉक्टर. एक पैसा द्यावा लागत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, घरात तिला सगळे बाय म्हणतात. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला आणि तेवढ्या वेळात मेंदूला जे व्हायचं ते होऊन बसलं. पाय एकमेकांवर चढतात. मान धरते, पण थकली की सोडून देते. डावी मूठ मिटलेली असते आणि उजवा हात सारखा हलत असतो. तिच्या मनात असो नसो, हात आपला चालूच. झोपली की तेवढा थांबतो.

बाय बोलत नाही, पण समजतं सगळं. हो म्हणायचं असलं की डोळे वर करते, नाही म्हणायचं असलं की घट्ट मिटते. गल्लीतल्या बायकांना वाटतं हिला काय कळतंय, म्हणून तिच्यासमोर वाट्टेल ते बोलतात. मग त्या परत आल्या की ही बया डोळे मिटून घेते ते त्या जाईपर्यंत उघडत नाही. आगाऊपणात आजीवर गेली आहे.

आजी म्हणजे माझी सासू. तिचा सगळा जन्म मासळीच्या पाटीखाली गेला. नवरा बोटीवर, चारचार दिवस पाण्यात. आलेला माल विकायचा तो तिने. थोडा बाजारात आणि थोडा किहीमच्या बंगल्यांवर. मला हिशोब येतो, बारावी झाली आहे माझी, पण पाटी लावायला तिने अजून मला हात लावू दिलेला नाही. पाटी लावणं ही विद्या आहे म्हणते. कडक पापलेट वर, त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे, कल्ला उचलून आतला लाल रंग दिसेल असं. नरम पडलेलं खाली. वरून पाण्याचा शिपका. "खालचं बघायला कोनी हात घालत न्हाय गो. वरचं बघूनच मानूस थांबतो." आणि दुसरा नियम तर याहून कडक. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, होत नाही तोवर तोंडातून नाही हा शब्द काढायचा नाही. एखाद्याने सुरमई मागितली आणि नसली, तर नाही म्हणायचं नाही. "बांगडा बघा की, काय ताजा आलाय" म्हणायचं. भवानीआधी नाही म्हटलं की दिवस गेला. मी एकदा सकाळी "घरात साखर नाही" एवढंच म्हणाले होते, तर चुलीपुढून उठून अंगावर आली होती.

हे सगळं सांगते आहे कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

ताई आल्या तेव्हा मला त्यांचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? सात वर्षं पोरीला मी भरवलं, धुतलं, उचललं, आणि ही कालची पोर येऊन मला सांगणार की घास डावीकडून नको, समोरून द्या! दोन बुधवार मी त्यांना चहासुद्धा नीट विचारला नाही. तिसऱ्या बुधवारी त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि बायला विचारलं, "यातला मासा कुठला?" बायने डोळे फिरवून दाखवला. मग "याचं अक्षर कुठलं?" तेही दाखवलं. कधी शिकली होती? ताई म्हणाल्या, मागच्या दोन वेळेला मी शिकवत होते ना, वहिनी, तुम्ही ओट्याकडे तोंड करून भांडी आपटत होतात. त्या दिवशी चहात आलं घातलं.

मग चमचा आला. ताईंनी सांगितलं, उजवा हात हलतो ना, मग त्याला काम देऊ. साध्या चमच्याचा दांडा तिच्या मुठीत राहीना. माझ्या नवऱ्याने जाळं विणायची दोरी घेतली आणि दांड्यावर गच्च गुंडाळून जाड मूठ करून दिली. कामाचा माणूस, बोलत नाही फारसा. पण ती दोरी गुंडाळताना तीनदा सोडवून परत गुंडाळली. तो चमचा घेऊन आम्ही आठ महिने घालवले. आधी नुसता धरायचा. मग वाटीत बुडवायचा. मग वर. भात कपाळावर, केसांत, माझ्या पदरावर, भिंतीवर. आणि एक दिवस तिने तो तोंडात घातला. दाताला खट्कन आपटला, पण घातला! मी ओरडले, सासू बाहेरून धावत आली, तिला वाटलं पोरगी पडली.

त्यानंतर दहातल्या दोन वेळा चमचा तोंडापर्यंत पोचायचा. बाकी आठ वेळा नाही. तरी आमच्यासाठी दिवाळीच.

तर अशात कळलं की घरी शिकणाऱ्या मुलांची पडताळणी आहे. वरून कोणी मॅडम येऊन मुलांना बघणार आणि ठरवणार की कोणाला घरीच सोय हवी आणि कोणाला नको. ताईंनी सांगितलं, घाबरू नका, जे आहे ते सांगा. आता जे आहे ते सांगा म्हणजे काय, हे त्यांनी फोडून सांगायला हवं होतं. किंवा मला कळायला हवं होतं. बारावी शिकून काय दिवे लावले!

आमच्या घरात कोणी येणार म्हटलं की काय करतात? घर सारवतात, पडदा बदलतात, चांगले कप काढतात. सासू त्या दिवशी बाजारात गेली नाही. बायला गरम पाण्याने न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, गौरीच्या सणाला शिवलेला पिवळा फ्रॉक चढवला, पावडर लावली. मग भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं. पाठीला एक लोड, दोन्ही कुशींना दोन उशा, पायांमध्ये गुंडाळलेली गोधडी, आणि या सगळ्यावरून आपली जरीची साडी अशी टाकली की आधार काही दिसूच नये. मी बघत होते. पाटी लावली होती तिने, दुसरं काय! आणि पोरगी इतकी गोड दिसत होती की मी काजळाची तीट लावली.

मॅडम सकाळी नऊलाच आल्या. सासूची भवानी झालेली नव्हती.

फॉर्मवर प्रत्येक प्रश्नापुढे दोनच रकाने होते, 'होतं' आणि 'होत नाही'. मुलगी बसते का? "बसलेय ना, बघा की!" सासू म्हणाली. मान धरते का? "धरते तर!" सांगितलेलं कळतं का? "तुमच्याआमच्यापेक्षा जास्ती." स्वतःच्या हाताने खाते का? "व्हय, खाते ना! चमच्यानं खाते." मी मध्ये बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, कौतुकाचं. नऊ वर्षांत माझ्या मुलीकडे परक्या माणसाने असं कधी बघितलं होतं? कीव बघितली होती, घाण वाटलेली बघितली होती. कौतुक पहिल्यांदाच. मला ते संपू द्यायचं नव्हतं. मीच उठून शिऱ्याची वाटी आणली आणि चमचा तिच्या मुठीत दिला.

आणि त्या दिवशी पहिल्या फटक्यात पोचला. सरळ तोंडात. शिरा खाऊन बाय अशी हसली की मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. मॅडमनी लिहिलं, मी सही केली. जाताना सासू त्यांना दोन पापलेटं बांधून देत होती, त्यांनी हात जोडून नको म्हटलं.

तीन आठवड्यांनी ताई आल्या त्या पिशवी न घेता. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, तिचं नाव घरच्या यादीतून निघालं. अहवालात आहे की बसते, स्वतः खाते, शाळेत जाऊ शकते. मी यायचं थांबवायचंय."

मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचा काय दोष होता? पण समोर त्या होत्या. मग सासूवर ओरडले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं जरीची साडी टाकायला? सगळ्याला व्हय, व्हय! माझ्या पोरीची पाटी लावलीत तुम्ही!"

"खोटं काय बोलले मी?" ती म्हणाली. "खाल्लंन ना पोरीनं? आपल्या मालाला आपनच नावं ठिवायची काय गो?" आणि मग हळू आवाजात, "मला वाटला, चांगली दिसली तर आनखी देतील."

मलाही तेच वाटलं होतं.

शाळेत नेऊन बघितलं. शाळा वरच्या आळीला, चढाच्या रस्त्याने. नऊ वर्षांची पोर, पाय लांबडे, कमरेवर बसवली की माझ्या गुडघ्याला लागतात. गुरुजी चांगले, त्यांनी भिंतीकडचा बाक दिला. पण बाकाला लोड नाही, उशा नाहीत. ती एका बाजूला घसरायची, मी सरळ करायची, ती दुसऱ्या बाजूला घसरायची. मधल्या सुट्टीपर्यंत तिच्या बरगडीवर बाकाच्या कडेचा वळ उठला होता. सगळी मुलं आमच्याकडे तोंड करून बसलेली. मी तिला उचललं आणि खाली आले.

खरी भीती पायांची होती. व्यायामाच्या डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं की मांड्या रोज नीट उघडल्या नाहीत तर खुबा सरकतो, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरही बसता येईलच असं नाही. रोजचं मी करायचे, पण महिन्याला ते येऊन हात लावून बघायचे, इथे जोर जास्त, इथे कमी, असं सांगायचे. आता सांगणारं कोणी नाही. एके दिवशी मांडी बाजूला नेताना आत कट् असा आवाज झाला. ती रडली नाही. मीच रडले. पुढचे दोन दिवस मी तिच्या पायांना हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते इतके ताठ झाले होते की लंगोट बदलायला दोघी लागलो. केलं तरी भीती, नाही केलं तरी भीती. नवऱ्याला बोटीवर फोन लागायचा नाही, आणि लागला तरी त्याने तिथून काय करावं?

ताईंनीच फोनवर अर्ज सांगितला. पुन्हा तपासणी करावी, असा. तो लिहिला, अलिबागला जाऊन दिला, शिक्का घेतला. मग वाट बघणं. कुठलीही गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली की मी हातातलं टाकून दारात. कधी गॅसवाला, कधी बर्फाचा टेम्पो. जवळजवळ अडीच महिन्यांनी निरोप आला की उद्या येतोय.

ताई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, या वेळी तिचा वाईट दिवस कसा असतो ते सांगा. चांगल्या दिवसाचं नको. जे होत नाही ते सांगायचं. लाजायचं नाही."

दुपारी मी बायला भरवत होते. चमचा तिच्या हातात होता, तिने उचलला आणि भात माझ्या मांडीवर सांडला. आणि मी बोलून गेले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. मी म्हणाले, "बाय, उद्या कोणी आलं ना, तर चमचा उचलायचा नाही हां. अजिबात नाही. उचललास तर ताई यायच्या नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे वर केले. हो.

दुसऱ्या दिवशी साडी नाही, लोड नाही. रोजचा जुना गाऊन, रोजची चटई. या वेळच्या मॅडम वेगळ्या होत्या, मोठ्या वयाच्या. त्या खाली चटईवरच बसल्या. सासू कोपऱ्यात उभी होती, पाटी भरून तयार, बाजार खोळंबलेला.

आधाराशिवाय बसते का? मी म्हणाले, नाही. मान सारखी धरते का? नाही. शी-शू सांगते का? नाही. कपडे घालताना हात वर करते का? नाही. बोलते का? नाही. नाही, नाही, नाही. एकेक नाही बायसमोरच पडत होतं आणि ती ऐकत होती. तिला समजत नाही असं वाटून बायका बोलतात तशी मी बोलत होते, आणि तिला सगळं समजतं हे मला तर माहीत होतं. मॅडमनी विचारलं, "मागच्या अहवालात लिहिलंय की स्वतः खाते. खाते का?"

मी बायच्या गाऊनची कड खाली ओढत राहिले.

"न्हाय वो," सासू कोपऱ्यातून म्हणाली. "न्हाय जमत तिला. तवा मीच बोलले व्हते व्हय म्हनून. माझी चूक झाली. न्हाय जमत."

भवानी झालेली नव्हती. मासळी पाटीत तशीच होती. इतक्या वर्षांत तिने भवानीआधी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, तोही तीनदा, आणि मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

मॅडमनी वाटी आणायला सांगितली. मी भात आणला. त्यांनी स्वतः चमचा बायच्या मुठीत दिला. "खाऊन दाखव हं, बाळा."

बायने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मी सांगितलं ना, ती जागी असताना तिचा उजवा हात कधी थांबत नाही. टीव्ही बघताना, रडताना, हसताना, हलतच असतो. त्या दिवशी तो थांबला. चमचा धरून, वाटीच्या कडेला टेकवून, एकदम गप्प. तिच्या कपाळावर घाम आला. मानेची शीर ताठ झाली. दात खाल्ल्याचा आवाज मला ऐकू येत होता. चमचा उचलायला लागते त्याच्या कितीतरी पट ताकद ती लावत होती, न उचलण्यासाठी. मॅडमना वाटलं जमत नाही आहे. त्यांनी तिच्या गालाला हात लावला, "राहू दे, राहू दे सोन्या," म्हणाल्या, आणि लिहिलं.

नाव परत यादीत आलं. पुढच्या महिन्यात व्यायामाचे डॉक्टर आले, खुबा तपासला. थोडा घट्ट झालाय, पण सरकला नाही म्हणाले. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. ताईही आल्या, पिशवी घेऊन. बायने त्यांना बघून असा आवाज काढला की शेजारची मांजर पळाली.

पण चमचा ती उचलेना. मुठीत दिला की हात कडक करून बसायची. एक बुधवार गेला, दुसरा गेला. ताईंना कळेना. म्हणाल्या, मधे खंड पडला त्याने विसरली असेल. मग मी सगळं सांगून टाकलं. ताई पाणी पिऊन येते म्हणून ओट्याकडे गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

मी बायसमोर बसले. म्हटलं, "बाय, मी त्या मॅडमशी खोटं बोलले. तुला येतं. मला माहीत आहे तुला येतं. आईचं चुकलं. उचल, माझे आई, सांडलं तर सांडू दे."

तिने चमचा बघितला. मग मान वळवून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं, बाहेर दोरीवर बोंबील वाळत होते फक्त. तिने पुन्हा एकदा बघितलं, नीट, आणि मगच हात उचलला. भात हनुवटीला लागला, थोडा तोंडात गेला.

आता दहातल्या तीनचार वेळा पोचतो. पुढची पडताळणी कधी येईल ते कोणी सांगत नाही. आणि बाय अजूनही प्रत्येक घासाआधी मान वळवून दाराकडे बघून घेते.